मान वाचवायची तर आधी खांद्याचे पट्टे बघा

रेसिंगच्या सामानाची खरेदी बहुतेक जण हेल्मेटपासून सुरू करतात. मग हान्स (धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून हेल्मेटला जोडायचं, खांद्यांवर बसणारं उपकरण) घेतात, आणि पैसे उरले तर हार्नेसकडे, म्हणजे सीटला जखडणाऱ्या पट्ट्यांच्या संचाकडे वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. समोरून बसलेल्या धडकेत मान वाचवणारी साखळी गाडीच्या सांगाड्यात, पट्ट्यांच्या बोल्टपाशी सुरू होते. तिथे चूक झाली की पुढचं सामान कितीही महाग असो, त्याचा उपयोग होत नाही.

आधी हिशेब करू. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, त्यावर दीड किलोचं हेल्मेट. मिळून साडेसहा किलो धरा. गाडी ताशी 80 किमी वेगाने भिंतीवर आदळली आणि नाक 70 सेंमी चेपून थांबली, तर सगळा प्रकार साधारण 63 मिलिसेकंदांत संपतो. सरासरी झटका येतो 36 जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 36 पट. धड पट्ट्यांनी सीटला जखडलेलं असतं, डोकं मात्र मोकळं, आणि त्याला रोखायला एकटी मान. साडेसहा किलोला 36 जी म्हणजे सुमारे 230 किलोची ओढ. हीसुद्धा सरासरी झाली, शिखराचा झटका याच्या बराच वर जातो. ही ओढ मानेच्या वरच्या मणक्यांवर आणि कवटीच्या तळावर येते. या तळातूनच मेंदूचा देठ खाली उतरतो आणि मोठ्या रक्तवाहिन्या वर चढतात. तळ फुटला की माणूस अनेकदा जागेवरच जातो, हेल्मेटवर ओरखडाही नसतो.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट कळते. हेल्मेटवर 100 ग्रॅम वाढले की त्या धडकेत मानेवर साडेतीन किलोहून जास्त ओढ वाढते. हेल्मेटचं वजन म्हणजे निव्वळ आरामाचा प्रश्न नाही.

1981 साली अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर सरावात फ्रेंच ड्रायव्हर पॅट्रिक जॅकमार याचा असाच मृत्यू झाला. त्याचा मित्र आणि स्पर्धक जिम डाउनिंग याने हा प्रश्न आपल्या मेव्हण्यासमोर मांडला. हे मेव्हणे म्हणजे मिशिगन स्टेट विद्यापीठातले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड. त्यांनी आधी जनरल मोटर्समध्ये धडक-चाचणीच्या पुतळ्यांवर काम केलेलं होतं, त्यामुळे डोकं आणि मान हा त्यांचा हातखंडा विषय. त्यातून हान्स जन्माला आलं. पण ते रुजायला वीस वर्षं गेली. 1994 मध्ये इटलीतल्या इमोलाला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोलँड रात्झेनबर्गर कवटीचा तळ फुटून गेला. 2000 साली नॅस्कारमध्ये (अमेरिकेतल्या स्टॉक-कार शर्यतींत) अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर गेले. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लटला ब्लेझ अलेक्झांडरचा मृत्यू झाला आणि दोन आठवड्यांत नॅस्कारने डोकं-मान रोखणारं उपकरण सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनमध्ये हान्स 2003 पासून सक्तीचं आहे. उपाय तयार असताना इतकी माणसं गेली, हे वाचताना आजही त्रास होतो.

हान्सची रचना साधी आहे. बैलाच्या मानेवरच्या जूसारखा एक कडक तुकडा मानेमागून येतो आणि त्याचे दोन पाय खांद्यांवरून छातीवर उतरतात. मागच्या उभ्या कॉलरमधून निघालेले टेदर (मजबूत बंद) हेल्मेटच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना अडकवतात. धडकेत डोकं पुढे जायला लागलं की टेदर ताणतात, ओढ कॉलरवर येते, आणि हान्सचे पाय खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबलेले असल्यामुळे ती ओढ पट्ट्यांतून गाडीच्या सांगाड्यात जाते. डोकं जागच्या जागी थिजवणं हा उद्देश नाही. डोकं आणि धड बरोबरीने थांबावेत, एवढंच काम. म्हणजे हान्सला पकड मिळते ती फक्त खांद्याच्या पट्ट्याची. पट्टा हान्सच्या पायावरून घसरला तर हान्स डोक्याबरोबर पुढे जातं.

म्हणूनच साध्या गाडीच्या तीन बिंदूंच्या सीटबेल्टवर हान्स घालू नये. तिथे एका खांद्यावरून पट्टाच नसतो.

आता पट्टे कसे हवेत ते बघू. खांद्यापासून मागे जाताना पट्टा आडवा असावा, किंवा आडव्या रेषेच्या खाली जास्तीत जास्त 20 अंश. घरगुती तयारीच्या गाड्यांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या मूळ बेल्टच्या भोकांत, अगदी फरशीपाशी बांधलेले असतात. असा पट्टा सीटच्या पाठीवरून जवळजवळ उभा खाली उतरतो. धडकेत तो ड्रायव्हरला मागे खेचण्याऐवजी खांद्यांवरून खाली दाबतो, आणि तो दाब पाठीच्या मणक्यांवर येतो. शिवाय लांब पट्टा जास्त ताणतो. दीड मीटर पट्टा आणि अर्धा मीटर पट्टा सारख्याच टक्क्यांनी ताणला तरी सेंटिमीटरमध्ये तिप्पट फरक पडतो, आणि तेवढे सेंटिमीटर तुमचं धड स्टीअरिंगकडे सरकतं. उपाय एकच: रोल केजच्या (गाडी उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) मुख्य कमानीला वेल्ड केलेली आडवी नळी घ्या आणि पट्टे तिला गुंडाळा किंवा बोल्टने बांधा. बोल्ट 7/16 इंच यूएनएफ किंवा एम12, ग्रेड 8.8 च्या खाली नको. नळीला गुंडाळणार असाल तर तीन दांड्यांच्या बकलमधून पट्टा परत मागे ओवून घ्या. एकदाच ओवून सोडलेला पट्टा झटक्यात सटकतो.

मागून बघताना दोन्ही पट्टे एकमेकांकडे झुकलेले हवेत. मागची टोकं खांद्यांपेक्षा रुंद बांधली तर पट्टा बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि कोनात बसलेल्या धडकेत हान्सच्या पायावरून उतरतो. सीटच्या पाठीतली पट्ट्याची भोकंही बघा. भोकाची कड पट्ट्याला बाहेर ढकलत असेल तर नळीवर कितीही नीट बांधा, फायदा नाही.

पट्ट्याची रुंदी 75 मिमी की 50 मिमी, यावर वाद चालतात. हान्सच्या पायांवर पट्ट्यासाठी खाच असते आणि त्यात 50 मिमीचा पट्टा सपाट बसतो. 75 चा पट्टा कडेवर चढतो, दुमडतो, आणि अर्धा भाग हान्सवर, अर्धा खांद्यावर असा विभागतो. हान्स वापरणार असाल तर 50 चा, किंवा हान्सपाशी अरुंद होणारा पट्टा घ्या. मात्र हा 50 चा पट्टा हान्सशिवाय वापरायचा नसतो. हान्स नसेल तर तो खांद्यात रुततो. सरावाला हान्स न घालता त्याच पट्ट्यांवर गाडी काढणारे लोक हे विसरतात.

पट्ट्यांना मुदत असते. एफआयएच्या (मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या) लेबलवर शेवटचं वर्ष छापलेलं असतं, साधारण पाच वर्षांचं. एसएफआय या सुरक्षा-सामानाचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पट्ट्यांना दोनच वर्षं. ऊन पट्ट्याचे धागे खातं. गाडी अंगणात उभी राहत असेल तर पट्टे काढून घरात ठेवा. जबर धडक झाली की पट्टे बदलायचेच, डोळ्यांना काही दिसो न दिसो.

बसताना क्रम असा ठेवा. आधी कंबरेचा पट्टा, कंबरेच्या हाडावर खाली, पोटावर अजिबात नाही. तो जमेल तेवढा आवळा. मग पायांमधले पट्टे. शेवटी खांद्याचे, हान्सच्या पायांवर मधोमध. खांद्याचे आधी आवळले तर बकल वर सरकतं आणि कंबरेचा पट्टा पोटावर चढतो, आणि धडकेत शरीर त्याखालून घसरतं. मदतनीसाने समोरून बघावं: दोन्ही पट्टे खाचेत आहेत का, कॉलर एका बाजूला कलंडली आहे का, टेदर कुठे पिळलेला आहे का. मग ड्रायव्हरने मान डावीकडे-उजवीकडे फिरवून दोन्ही आरसे दिसतात का ते पाहावं. आणि सगळं आवळून झाल्यावर पुन्हा एकदा कंबरेचा पट्टा ओढावा. नेहमी दोन-तीन सेंटिमीटर निघतात.

हान्सचा कोन सीटच्या कलावर ठरतो. सलून गाडीत (छपराच्या साध्या गाडीत) पाठ बऱ्यापैकी ताठ असते, तिथे 20 अंशाचं हान्स. फॉर्म्युला गाडीत ड्रायव्हर मागे रेललेला असतो, तिथे 30 किंवा त्याहून जास्त. चुकीचा कोन घेतला की हान्सचे पाय छातीवर टेकत नाहीत किंवा गळपट्टीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोचतात. पाचव्या फेरीपर्यंत ड्रायव्हर खांदे उचलून बसायला लागतो आणि पट्टे सैल होतात. गळपट्टीचं हाड दुखतंय म्हणून जाड टॉवेल घालू नका. हान्ससोबत मिळणारी पातळ गादी वापरा किंवा कोन बदला.

आणखी एक त्रास सीटचा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेल्या सीटमध्ये डोक्यामागची गादी जाड असेल तर हान्सची कॉलर तिच्यावर आपटते, पुढे ढकलली जाते आणि ड्रायव्हरची हनुवटी छातीकडे झुकते. सरळ समोर बघायला डोळे वर करावे लागतात. हान्स लहान घेऊन हे सुटत नाही. खांद्यांमागची आणि डोक्यामागची गादी पातळ करा. हान्सची कॉलर घासून किंवा कापून जागा करणं म्हणजे ज्या भागावर ओढ येते तोच कमजोर करणं.

बाजूने बसलेल्या धडकेत हान्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथे काम सीटच्या कानांचं. डोकं पोचू शकेल अशा प्रत्येक नळीवर एफआयए 8857-2001 किंवा एसएफआय 45.1 दर्जाचं कडक पॅडिंग हवं. हार्डवेअरच्या दुकानातला एसीच्या नळ्यांचा मऊ फोम बोटानेच चपटा होतो, डोक्याच्या आघाताला तो काहीच थांबवत नाही. हेल्मेटचा माथा मुख्य कमानीच्या वरच्या टोकापासून किमान 2 इंच खाली असावा. उंच ड्रायव्हरने सीटचे रूळ काढून सीट थेट फरशीच्या ब्रॅकेटवर बसवावी.

आता हेल्मेट. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल फाउंडेशनच्या लेबलवरचं अक्षर बघा: एसए म्हणजे मोटार रेसिंग, के म्हणजे कार्टिंग, एम म्हणजे मोटरसायकल. एसए आणि के या दोन्हींत रोल केजच्या नळीवर पुन्हा पुन्हा आपटण्याची चाचणी असते, एममध्ये नसते. एसएमध्ये त्यावर आगीची चाचणीही असते. म्हणून बंद गाडीत के किंवा एम चालत नाही. आपल्या रस्त्यावरच्या आयएसआय हेल्मेटची तर तिथे गोष्टच नको. एसए2015 पासून हेल्मेटच्या शेलमध्ये (बाहेरच्या कवचात) हान्सच्या खुंट्यांसाठी एम6 आट्यांची बैठक तयारच येते. जुन्या किंवा मोटरसायकलच्या हेल्मेटला स्वतः ड्रिल मारून खुंट्या बसवू नका. भोकाभोवती शेल फाटतं आणि नेमकं ओढीच्या क्षणी खुंटी उपटते. रेसच्या दिवशी सकाळी दोन्ही खुंट्या हाताने हलवून बघायच्या, कंपनाने त्या ढिल्या होतात.

माप घेताना फीत भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटरवरून, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. नवं हेल्मेट गालांना घट्ट लागलं पाहिजे, चावताना गाल दातांत येतील इतकं. हेल्मेट हाताने धरून फिरवलं तर कपाळाची कातडी बरोबर फिरली पाहिजे. मग पट्टी बांधा, मान पुढे वाकवा आणि दुसऱ्या माणसाला हेल्मेट मागच्या कडेला धरून वर, पुढच्या बाजूला ओढायला सांगा. निघालं तर ते हेल्मेट तुमचं नाही. डबल-डी कडीतून पट्टी दोन्ही कड्यांतून नेऊन एकीवरून परत आणायची असते. घाईत एकाच फेऱ्यात सोडली की ती धरत नाही.

आतला थर्माकोल एकदाच चेपतो. मोठा आघात झाल्यावर बाहेरून चकचकीत दिसलं तरी हेल्मेट संपलं. स्नेलचा सल्ला पाच वर्षांनी बदलण्याचा आहे. शेलवर थिनरचा रंग, पेट्रोलने पुसणं, सॉल्व्हंट असलेला गोंद, हे सगळं टाळा. कॅमेऱ्याचा स्टँड तर मुळीच नको: तो कशात अडकला की मानेला पिळतो. हेल्मेटची काच पूर्ण खाली ठेवा. 2009 मध्ये हंगेरीत बॅरिकेलोच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, काचेच्या वरच्या कडेपाशी आदळली. त्यानंतर 2011 पासून फॉर्म्युला वनमध्ये त्या कडेवर झायलॉन या मजबूत धाग्याची पट्टी आली. बंद हेल्मेट नसतं तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

कार्टिंगमध्ये हे सगळं गणित बदलतं. कार्टला रोल केज नाही, म्हणून पट्टाही नाही. उलटली तर ड्रायव्हरने बाहेर फेकलं जाणंच बरं, या विचाराने ती बनवलेली असते. पट्टा नाही म्हणजे हान्सला धरायला काही नाही. कार्टमध्ये हान्स घालणाऱ्याला संरक्षण काहीच मिळत नाही.

मग राहते फोमची कॉलर, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार. ती मान मोडण्यापासून वाचवते असं मानून लोक घेतात. तिचं खरं काम दोन-तीन गोष्टींचं: हेल्मेटची खालची कड गळपट्टीच्या हाडावर आपटू नये, लांब शर्यतीत थकलेल्या मानेला टेका मिळावा, आणि डोकं बाजूला फार झुकू नये. एवढ्यासाठी ती जरूर घाला. पण जाड ते चांगलं असं नाही. कॉलर जाड झाली तर हेल्मेट वर उचललं जातं, पट्टी सैल होते आणि वळणाच्या आत बघायला मान फिरत नाही. हेल्मेट घालून, सीटवर बसून, हात स्टीअरिंगवर ठेवूनच माप बघा.

बाजा एसएई या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाड्या बनवणाऱ्या आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. तिथे नियमात पूर्ण गोल, एसएफआय 3.3 ची कॉलर मागतात. हा 3.3 दर्जा ड्रायव्हरच्या हातमोजे-बुटांसारख्या वस्तूंचा, आगीसंबंधीचा आहे. मानेवर येणाऱ्या ओढीची चाचणी त्यात नाही. ती चाचणी एसएफआय 38.1 आणि एफआयए 8858 या दर्जांत असते, जिथे हान्ससारखी उपकरणं स्लेडवर (धडकेसारखा झटका देणाऱ्या सरकत्या गाड्यावर), पुतळ्याच्या मानेत सेन्सर लावून तपासतात. नियमासाठी कॉलर घ्या, पण गाडीला हार्नेस आहे तर खांद्याच्या पट्ट्यांचा कोन मी वर लिहिलाय तसा करून घ्या.

मोटोक्रॉसमधून आलेला कडक ब्रेस (मानेभोवतीची चौकट) हा वेगळा प्रकार. डोकं एका मर्यादेपलीकडे झुकलं की हेल्मेटची कड ब्रेसवर टेकते आणि भार छाती-पाठीकडे जातो. त्यासाठी सरळ बसल्यावर हेल्मेट आणि ब्रेसमध्ये थोडी फट लागते. कार्टमध्ये मागे रेलून बसल्यावर ब्रेसचा मागचा भाग सीटच्या कडेला किंवा बरगड्यांच्या जाकिटाला टेकला तर तो वर सरकतो आणि फट संपते. दोन्ही एकत्र घालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका.

लहान मुलांची मान स्नायूंनी कच्ची आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं. त्यांच्यासाठी स्नेल-एफआयएचे सीएमआर आणि सीएमएस हे हलके, मुलांच्या हेल्मेटचे दर्जे आहेत. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकसारख्या ठिकाणी मुलाला उतरवायचं असेल तर पहिला मोठा खर्च इथे करा. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसं हेल्मेट घेऊ नये. सैल हेल्मेट धडकेत डोक्याच्या मागून फिरतं आणि मानेला जास्तीचा झटका देतं.

भाड्याच्या गो-कार्टवर धोका वेगळाच, आणि तो आपल्या देशात जीव घेऊन गेला आहे. 2018 मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आणि 2020 मध्ये हैदराबादजवळ गुर्रमगुडाला कार्टच्या फिरत्या भागात केस अडकून दोन तरुणींचा मृत्यू झाला. मागचा धुरा चाकांबरोबर सतत फिरत असतो, तो ड्रायव्हरच्या पाठीमागे एका वीतभर अंतरावर असतो, आणि त्यावर झाकण नसेल तर केस, ओढणी, स्कार्फ किंवा हुडीची दोरी काहीही गुंडाळून घेतो. वेणी बांधून पाठीवर सोडणं पुरेसं नाही. वेणी घालून ती शर्टाच्या आत, वर बॅलाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारी कापडी टोपी), त्यावर हेल्मेट. ओढणी आणि स्कार्फ बाहेर ठेवून या. बसण्याआधी सीटच्या मागे वाकून धुऱ्यावर आणि साखळीवर झाकण आहे का ते बघा. नसेल तर त्या कार्टमध्ये बसू नका, पैसे भरले असले तरी.

अपघात झाला आणि ड्रायव्हर शुद्धीवर असला तरी त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. एकाने समोरून दोन्ही हातांनी मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टी कापायची, काच उघडून श्वास बघायचा. श्वास चालू असेल तर डॉक्टर येईपर्यंत हेल्मेट तसंच राहू द्या. हान्स असेल तर आधी टेदर सोडा किंवा कापा, मग खांद्याचे पट्टे. तुमच्या हान्सचे टेदर कसे सुटतात, दोरी ओढून की बटण दाबून, हे शर्यतीआधी तुमच्या पिटमधल्या प्रत्येकाला एकदा करायला लावा, आणि पट्टे कापायची सुरी बसल्या जागेवरून दोन्ही हातांना पोचेल अशी लावा.